अवतरणचिन्हं

टोबियास हामुन्येला,
हे नाव पहिल्यांदा टाइप केलं तेव्हा
मी दोनदा चुकले.
स्टेन्सिलवर लाल द्राव लावला, फुंकर घातली,
वाळेपर्यंत तुम्ही खिडकीशी उभे.

बझारगेट स्ट्रीट, तिसरा मजला.
खाली घड्याळं दुरुस्त करणारे रुस्तमजी,
वर तुमची कचेरी:
एक टेबल, कुलूप लावलेला फोन,
हाताने फिरवायचं सायक्लोस्टाइल
आणि भिंतीवर नकाशा,
ज्यात तुमच्या देशाला नाव नव्हतं,
नुसत्या दिशा होत्या.
दक्षिण-पश्चिम.
‘पत्ता सांगावा तसा सांगतात आमचा देश,’ तुम्ही म्हणालात,
‘तिकडून डावीकडे वळा.’

मी नुकती क्लासातून सुटलेली,
मिनिटाला पंचेचाळीस शब्द.
पगार विसाव्या तारखेला,
कधी कधी पुढच्या महिन्याच्या विसाव्या.
आई विचारायची, त्या हबशाच्या हापिसात असतं काय गं काम?
शब्द, मी म्हणायचे.
पुष्कळ शब्द.

तुमच्या बोलण्यात ‘मी’ कधी नसायचा.
आम्ही निषेध करतो. आम्ही मागणी करतो.
आणि खोलीत आपण दोघंच,
त्यातली मी तर भाड्याची.
धोबीतलावच्या कुडात गोव्याच्या खलाशांमध्ये
तुमची एक खाट आणि एक पेटी.
तिथून चालत यायचात,
बसचे पैसे पोस्टाच्या तिकिटांना.
अडतीस वर्तमानपत्रांना पत्रकं जायची,
एखादं छापायचं,
तेही सोन्याच्या भावाखाली, चार ओळी.
त्या चार ओळी तुम्ही कात्रीने असे कापायचात
जसे कोणी बाळाची नखं कापावीत.

तिकडच्या सरकारचा प्रवक्ता रेडिओवर बोलायचा:
परिस्थिती नियंत्रणात आहे.
गोळीबार झाला की हेच.
खाण बंद पडली की हेच.
तुम्ही ते मला अवतरणचिन्हांत घालायला लावायचात.
‘दुहेरी घाला, मिस कारखानीस.
मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तसं.’
मी उचलायचे, शिफ्टची कळ दाबून.
एका वर्षात एकतीस वेळा.
मोजलेत मी.

मग तुम्ही गेलात. कार्डं येत राहिली,
लुसाका, स्टॉकहोम, एक कुठलं तरी बर्फाचं.
पुढे देशाला नाव मिळालं,
तुम्हाला गाडी, गाडीवर झेंडा.
राजमुद्रेच्या लिफाफ्यातून आलेल्या कार्डावर
पहिल्यांदा वाचलं:
मी राजदूत झालो.
मी.
मला आनंदच झाला, खोटं का बोलू.
शेजारच्या वैद्यबाईंना दाखवून आले.

परवा वांद्र्याला, हिऱ्यांच्या त्या काचेच्या इमारतीत
तुमच्या हस्ते कसलासा करार.
मला बोलावणं, दुसऱ्या रांगेत खुर्ची,
खुर्चीवर माझं नाव, बरोबर लिहिलेलं.
तुमचे केस पांढरे, आवाज तोच,
खर्जात सुरू होऊन शेवटी जरा वर जाणारा.
एका पोरगेल्या बातमीदारणीने विचारलं,
खाणीत संपाचा चौथा आठवडा,
तीन माणसं गेली म्हणतात, खरं का?
तुम्ही पाण्याचा घोट घेतलात.
परिस्थिती, म्हणालात,
नियंत्रणात आहे.

माझी उजवी करंगळी
गुडघ्यावर, लुगड्यावर,
आपसूक खाली दाबली गेली.

चहाच्या वेळी तुम्ही आलात,
माझा हात दोन्ही हातांत घेतलात,
बोटांच्या वाकलेल्या पेरांकडे पाहत राहिलात.
‘कितव्यांदा?’
इतक्या हळू, की अंगरक्षकालाही ऐकू गेलं नसेल.
बत्तिसाव्यांदा, मी म्हटलं.
तुम्ही चष्मा काढलात. पुसलात.
काही म्हणणार होतात,
पण कोणीतरी ‘एक्सलन्सी’ म्हणून हाक मारली
आणि तुम्ही तिकडे वळलात,
डावीकडे.

पाहुण्यांना एकेक पेन दिलं.
त्यावर तुमच्या देशाचं नाव,
पूर्ण, सोनेरी.
घरी येऊन वाण्याच्या यादीवर चालवून पाहिलं.
चांगलं उठतं.